डब्यातली हजेरी

नानांच्या साठीचा गौरवअंक निघायचा होता. लेख मागायला त्यांच्या पुतण्याचा फोन आला. "ताई, तुम्ही नानांच्याच हाताखाली तयार झालात. दोन पानं द्या. आठवणी, किस्से, जरा भावनिक होऊ द्या." मी म्हटलं, "देते, पण आठवतं तेच लिहीन." तो हसला. मी लिहून पाठवलं, त्यावर काही उत्तर आलं नाही. अंक निघाला, गेवराईत समारंभ झाला, शाल-श्रीफळाचे फोटो माझ्याही मोबाइलवर आले. माझा लेख त्यात नव्हता. तो हा.

रंगनाथ खाडे. उभ्या तालुक्याचे नाना. पांढराशुभ्र शर्ट, पांढरी पँट, इस्त्रीच्या घडीवर बोट कापावं अशी. कपाळाला अष्टगंध, तोंडात कायम गुटखा. नदीकाठच्या गाळात आणि बाभळींच्या काट्यांत दिवसभर हिंडूनसुद्धा त्या कपड्यांवर मी कधी डाग पाहिला नाही. डाग दुसरीकडे पडायचे. ऑफिसच्या जिन्यात, जीपच्या दाराबाहेर, चहावाल्याच्या तुळशीत, आमच्या डब्यांच्या बुडाशी.

डबे म्हणजे आमचं काम. गोदावरीवर आणि तिला मिळणाऱ्या नद्यांवर पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बसवलेली होती, त्यांची देखभाल आमच्या कंपनीकडं. पुलाच्या कठड्याला एक सेन्सर. तिथून एक तार खाली लोखंडी डब्यात. डब्यात बिस्किटाच्या पुड्याएवढा कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स. सेन्सर पाणी बघून आकडा सांगणार, कॉम्प्युटर तो ऐकणार, आणि मोडेम तो आकडा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला पाठवणार. कंपनीचं नाव मोठं होतं, मालक छत्रपती संभाजीनगरला बसायचा. गेवराईचं ऑफिस म्हणजे खताच्या दुकानावरची माडी, एक जीप, नाना आणि मी.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. माझ्याआधी आमच्या घरातलं कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली ती कोणाच्या उपकारानं नाही, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. पहिल्या दिवशी माडीवर गेले तर नाना खुर्चीत मांडी घालून बसलेले.

"कोणाची गं तू?"

सांगितलं.

"म्हणजे कोयत्याचं लेकरू हाय. मग काटक असशील. मला ते पंख्याखालचे इंजिनेर नकोत. चल, जीपमधी बस."

मला ते बोलणं आवडलं होतं. नाना असेच होते. पहिल्या भेटीत ते कोणालाही आवडायचे.

त्या दिवशी आम्ही गेलो ते पुलाजवळच्या डब्याकडं. तिथं मुक्ताराम भेटला. डबा बसण्याच्या आधी नदीच्या पायऱ्यांवर रंगवलेली मोजपट्टी होती, आणि ती वाचायचं काम मुक्तारामचं. सकाळ-संध्याकाळ खाली उतरायचं, पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि फोन करून कळवायचं. डबा आल्यावर त्याला चौकीदार केलं, तोही रोजंदारीवर. जवानी त्या पायऱ्यांवर गेली होती, आणि आयुष्यात त्याला एकच गोष्ट पाहिजे होती. कायम व्हायचं होतं. त्याची फाइल नाना वर सरकवत होते, असं नाना सांगायचे. त्यामुळं नाना जीपमधून उतरायच्या आत मुक्ताराम चहा घेऊन हजर असायचा.

मी डब्यासमोर बसून लॅपटॉपला तार जोडली. आमच्या कॉलेजात हा प्रयोग वहीत होता, टेबलावर कधी नव्हता. पोर्ट, म्हणजे तारेचं कॉम्प्युटरातलं दार, उघडायला गेले तर कॉम्प्युटरनं परवानगी नाकारली. नानांनी माझ्या खांद्यावरून हात घालून एक आज्ञा टाइप केली आणि पोर्ट सगळ्यांना मोकळा करून टाकला.

"गायरानासारखं. ज्याला यायचं त्यानं यावं, चरावं."

मी म्हटलं, "नाना, असं नसतं करायचं. पोर्ट वापरणाऱ्यांचा एक गट असतो, त्यात आपलं नाव घालायचं."

"नाव घालायला ही काय सोसायटीची निवडणूक हाय का? उघड गं!"

उघडलं, तर पडद्यावर नुसता कचरा. चौकोन, उलटी चिन्हं, तुटकी अक्षरं. मी तार हलवून बघितली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पुस्तकात जे जे होतं ते केलं. नाना चार पावलं लांब बशीतला चहा फुंकत उभे होते. तिथूनच त्यांनी पडद्याकडं एकदा बघितलं.

"ती अठ्ठेचाळीसशेवर बोलायलीय. तू शहाण्णवशेवर ऐकायलीस. दोघींचा वेग एक कर."

मी वेग बदलला. कचरा थांबला आणि स्वच्छ आकडे एकाखाली एक उतरायला लागले. नुसत्या कचऱ्याकडं बघून वेग ओळखणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि पुढं पुण्यातल्या कंपनीत, जिथं दिवसभर हेच चालतं, तिथंही एखाददुसराच पाहिला. हे त्यांचं त्यांना दिलंच पाहिजे. मला हे काम नानांनी शिकवलं. कोणत्या पोर्टवर कोण बसलंय ते कसं शोधायचं, पोर्टवरचं बोलणं दाखवणारा मिनिकॉम हा प्रोग्रॅम उघडल्यावर आधी काय बघायचं, उत्तर येत नसेल तर तार उलटी आहे की यंत्र मेलंय हे कसं ओळखायचं. पुस्तकातल्या माणसांनी शिकवलं नसतं इतकं सोपं करून शिकवलं.

आणि मग त्याच दिवशी, आकडे नीट यायला लागल्यावर, त्यांनी तारेचा प्लग काढला, बोट जिभेवर फिरवलं आणि प्लगच्या पिना थुंकीनं चोळल्या. लालसर थुंकी पिनांच्या मुळाशी जाऊन बसली.

"नाना, हे काय?"

"थुंकीसारखं औषध न्हाई. जखमेला बी आन् पिनेला बी. धूळ बसती ना, ती निघती."

मुक्ताराम कौतुकानं बघत होता. त्या थुंकीत चुना होता, कात होता, सुपारी होती, आणखी काय काय होतं देव जाणे. पिना महिन्याभरात हिरव्या पडायच्या. मी पिना साफ करायचा स्प्रे ऑफिसच्या खर्चानं मागवला. नानांनी तो त्यांच्या गॉगलला वापरला. "लई भारी निघतो गं," म्हणाले.

तेव्हापासून मी प्लग हातात घ्यायच्या आधी कागदानं पुसायची. जेवायच्या आधी हात साबणानं दोनदा धुवायची. नानांना ते दिसायचं. "बामनाच्या घरात जेवल्यासारखं करायलीय," असं ते जीपच्या ड्रायव्हरला सांगायचे, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

दुसरा किस्सा लोक अजून सांगतात, हसून सांगतात, म्हणून मलाही सांगायला हवा. डब्यात दोन तारा कॉम्प्युटरला जोडलेल्या होत्या. एक सेन्सरची, एक मोडेमची. तार कॉम्प्युटरला जोडणारे दोन्हींचे कन्व्हर्टर नानांनी एकाच दुकानातून आणलेले, एकसारखे, सगळ्यात स्वस्तातले. वीज जाऊन आली की कॉम्प्युटर जो आधी दिसेल त्याला शून्य नंबर द्यायचा, नंतर दिसेल त्याला एक. कधी सेन्सर शून्यावर, कधी मोडेम. आमचा प्रोग्रॅम मात्र ठरल्याप्रमाणं शून्यालाच विचारायचा, पाणी किती? मोडेम काय सांगणार!

मी म्हटलं, सॉकेट बघून दोघांना पक्की नावं देणारा नियम लिहू, म्हणजे वीज कितीदा जाऊ द्या, नाव बदलणार नाही. नानांना ते पटलं. नियम मी लिहिला. नावं त्यांनी दिली. सेन्सरला थोरली, मोडेमला धाकटी. आणि पुलाजवळच्या झाडाखाली बसून, मुक्तारामची बायको गयाबाई भाकरी घेऊन आली होती तिच्यासमोर, समजावून सांगायला लागले.

"दोन बायका केल्या ना, की असंच व्हतं बघ गयाबाई. अंधारात हाक मारली की दुसरीच 'ओ' देती. म्हणून नाव पक्कं पाहिजे, आन् जागा पक्की पाहिजे."

ड्रायव्हर हसला, मुक्ताराम हसला. गयाबाईनं फडक्याची गाठ सोडता सोडता विचारलं, "आन् दादल्याचं नाव कावून बदलत न्हाई ओ, नाना? चुकीच्या दारात तर त्योच जातोय."

नाना सगळ्यांत मोठ्यानं हसले. पण जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, "मुक्तारामची बायको लई बोलती. त्याला कायम व्हायचंय का न्हाई?" ते हसून बोलले होते. मला त्या हसण्याची पहिल्यांदा शिसारी आली.

पण त्यांची दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर पुतण्या म्हणेल की मी खोटं लिहिलं. आईच्या हाताला पाचटानं कापलं होतं, ती जखम चिघळली. कारखान्यावरून ती घरी आली तेव्हा हात कोपरापर्यंत सुजलेला. नानांना कळलं. त्यांनी स्वतः जीप काढली, आईला बीडला नेलं, डॉक्टरशी भांडून खाट मिळवली आणि संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिले. आई अजून म्हणते, देवमाणूस. मी तिला काही सांगत नाही. सांगून काय करू? तिचा हात वाचला ते खरंच आहे. नानांनी तालुक्यात अशा कितीतरी लोकांना दवाखान्यात नेलेलं आहे, कितींच्या मुलींच्या लग्नात पंगती वाढलेल्या आहेत. म्हणूनच त्यांच्याविरुद्ध कोणी काही ऐकून घेत नाही. माणूस वाईटच असता तर माझं काम सोपं झालं असतं.

आता ती हजेरी.

नियंत्रण कक्षात आमच्या प्रत्येक डब्याचा आकडा पडद्यावर दिसायचा. आकडा आला नाही की ती ओळ लाल व्हायची, तिकडून फोन यायचा, वर मालकाला कळायचं. नानांना लाल रंगाची भीती होती. ते म्हणायचे, "पाणी खरं का खोटं हे कोण बघायला बसलंय? आकडा आला पाहिजे." तर त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. सेन्सरच्या पोर्टनं उत्तर दिलं नाही, की हा प्रोग्रॅम मागचा आकडा घ्यायचा, त्यात कधी एक सेंटीमीटर मिळवायचा, कधी वजा करायचा, आणि पाठवून द्यायचा. ओळ हिरवी. एक सेंटीमीटरचा तो खेळ नसता, तर कोणाला तरी संशय आला असता की पाणी इतकं स्तब्ध कसं. तो खेळ हे नानांचं डोकं. त्यांच्या हातचा इतका नेटका प्रोग्रॅम मी दुसरा पाहिला नाही. त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं हजेरी.

"रोजगार हमीच्या मस्टरवर मेलेल्या माणसाची हजेरी लागती," नाना मला म्हणाले. "ही तर मशीन हाय. एखाद्या दिवशी न्हाई आली कामावर, तर काय झालं?"

"नाना, पण त्याच दिवशी पाणी आलं तर?"

"पाणी आल्यावर दिसतं की. पाणी काय उंदीर हाय का, लपून यायला?"

मी मालकाला फोन करून सांगितलं. मालक म्हणाले, "नाना बघतील." माझ्याकडं जे डबे होते त्यांतून मी ती हजेरी काढून टाकली. माझ्या ओळी अधूनमधून लाल व्हायच्या, मी बोलणी खायची, मोटारसायकल घेऊन पळायची आणि पोर्ट दुरुस्त करून यायची. पुलाचा डबा नानांकडं होता. त्याची ओळ कधीच लाल झाली नाही. मालक मला सांगायचे, नानांकडून शिका.

पुलाच्या खालच्या अंगाला मुक्तारामचं गाव. उन्हाळ्यात तिथं गोदावरी म्हणजे वाळू, मधून एक पाण्याची धार. त्या वाळूत लोक कलिंगडाच्या वाड्या लावतात. वरच्या धरणातून खालच्या गावांसाठी पाणी सुटलं, की ते आधी पुलाशी यायचं. आकडा चढायला लागला की नियंत्रण कक्षातून खालच्या गावांना फोन जायचा, माणसं वर काढा. बायका-माणसं वाळूत उतरायची ती त्या फोनच्या भरवशावर. मुक्तारामची वाडीही तिथंच होती. गयाबाई आणि तिची धाकटी जाऊ शेवंता दिवसभर वाडीत असायच्या.

चैत्रात नानांच्या पुतण्याचं लग्न निघालं. हाच तो गौरवअंकवाला पुतण्या. नानांनी मुक्तारामला मांडवाच्या कामाला बोलावलं.

"आन् डबा, नाना?" मुक्तारामनं विचारलं. मी तिथंच होते.

"डबा हाय की डब्यापाशी. त्याला काय तू भाकर भरवतोस का? चल."

मुक्ताराम गेला. कायम व्हायचं होतं.

लग्नाच्या आदल्या दुपारी वरून पाणी सुटलं. सेन्सरचा पोर्ट त्याआधीच कधीतरी बंद पडलेला होता. कधी, ते कोणालाच सांगता येणार नाही, कारण हजेरी लागत होती. पाणी पुलाखालून गेलं आणि नियंत्रण कक्षात ओळ हिरवीच राहिली. फोन गेला नाही. वाडीत गयाबाईला आधी वाटलं, वारा सुटलाय. मग दोन्ही बाजूंनी पाणी आलं आणि मधला वाळूचा उंचवटा तेवढा राहिला, तोही विरघळत चाललेला. दोघी पाणी उपसायच्या इंजिनाला मिठी मारून बसल्या. मासे धरणारे दोघं थर्माकोलच्या तराफ्यावरून त्यांच्यापर्यंत पोचले म्हणून त्या वाचल्या. शेवंताचा हात इंजिनाच्या चाकात सापडून मोडला. इंजिन गेलं, शेळी गेली. कलिंगडं तरंगत खाली गेली. खालच्या गावच्या लोकांनी ती काठीनं ओढून काढली आणि काठावर बसून खाल्ली, असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा उघडला. प्लग ओढला तर एक पिन गळून सॉकेटातच राहिली. हिरवी, चिकट. नाकाजवळ न नेताच वास आला, गुटख्याचा.

नाना आले ते लग्नाच्या कपड्यांतच, खांद्यावर टॉवेल. त्यांनी पिन बघितली, सॉकेटातून उपसली आणि रुमालानं पुसून खिशात टाकली.

"उद्या साहेब यायलेत चौकशीला. आज हजेरी काढून टाक."

"आणि सांगायचं काय?"

"वायर उंदरानं खाल्ली. आन् चौकीदार जागेवर नव्हता."

"तो तुमच्या मांडवात होता, नाना."

"हां. मांडवात होता म्हणजे जागेवर नव्हताच की."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यात कपट वगैरे काही दिसत नव्हतं. हिशेब बरोबर जुळला म्हणून समाधान दिसत होतं, तेवढंच. मग ते लग्नाला गेले. पंगतीत त्यांनी स्वतः जिलेबी वाढली म्हणतात.

मी मुक्तारामच्या घरी गेले. शेवंता भिंतीला टेकून बसली होती, हात फळीला बांधलेला. गयाबाई बाजेवर पडून होती.

मुक्ताराम मला अंगणातच गाठून म्हणाला, "ताई, नाना म्हणलेत, तू गप रहा, तुला कायम करणं मपल्याकडं लागलं. म्या गप राहणार हाय. तुमी बी रहा."

आतून गयाबाईचा आवाज आला, "हो, रहा गप! तुमाला कायम करत्याल, ते बी मला बुडवून!"

"तू झोप की."

"झोपते. आता काय वाडी राखायची हाय का!"

मी हजेरी काढली नाही.

चौकशीला तिघे आले. एक मोठे साहेब, एक त्यांचे हाताखालचे, एक लिहून घेणारा. नाना पुन्हा पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून. ते असे बोलले की मला क्षणभर वाटलं, खरंच उंदरानं खाल्ली असेल. तार किती नाजूक, नदीकाठी उंदीर किती, आमची माणसं किती राबतात. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. मुक्ताराम बाजूला टोपी हातात धरून उभा होता. नानांनी मला खूण केली, डबा दाखव.

मी डबा उघडला. लॅपटॉप जोडला, मिनिकॉम लावला, साहेबांना जवळ बोलावलं. नियंत्रण कक्षाला जाणारा पुलाचा आकडा पडद्यावर येत होता. मी सेन्सरची तार प्लगासकट उपसून हातात घेतली आणि साहेबांच्या समोर धरली.

"साहेब, तार माझ्या हातात आहे. आता पडद्याकडं बघा."

आकडा आला. मग एक सेंटीमीटर जास्त. मग एक सेंटीमीटर कमी. आम्ही सगळे तिथं उभे राहून ते बघत होतो. माझ्या हातातली तार कशालाच जोडलेली नव्हती, आणि पाणी मोजलं जात होतं. हाताखालचे साहेब नदीकडं बघायला लागले.

मोठ्या साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"मॅडम, नाव काय तुमचं?"

सांगितलं.

"शिक्षण?"

सांगितलं.

"छान. ग्रामीण भागातल्या मुली पुढं यायला पाहिजेत." मग लिहून घेणाऱ्याकडं वळून म्हणाले, "तांत्रिक बिघाड, असं घ्या. आणि चौकीदार अनुपस्थित."

"साहेब, चौकीदार कुठं होता ते तरी विचारा!"

साहेबांनी नाइलाजानं मुक्तारामकडं बघितलं. "कुठं होतास रे?"

मुक्तारामनं माझ्याकडं बघितलंच नाही. नानांकडं बघितलं.

"घरी होतो साहेब. झोपलतो."

"पाणी आलं तेव्हा झोपला होतास?"

"व्हय साहेब."

"स्वतःची बायको वाडीत, आणि झोपला होतास?"

मुक्तारामनं मान खाली घातली. तेव्हा नाना पुढं झाले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गरीब माणूस हाय साहेब. चुकला. मपल्याकडं बघून सांभाळून घ्या."

उलटी यावी असं मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलंय. थुंकीनं पिना चोळताना बघून वाटलं होतं, ते काहीच नव्हतं.

मुक्तारामला कोणी सांभाळून घेतलं नाही. नव्या महिन्यापासून रोजंदारीच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. फाइल होती की नव्हती, तेही कधी कळलं नाही. पुढच्या हंगामात तो, गयाबाई आणि शेवंताचा नवरा कोयता घेऊन कर्नाटकात गेले. शेवंता हातामुळं मागं राहिली. मी राजीनामा दिला, मालकांनी तो लगेच घेतला. नाना होते तिथंच राहिले. पुढं त्यांच्याकडं आणखी डबे आले, असं ऐकलं.

मी मात्र नानांना शेवटचं पाहिलं ते त्या चौकशीच्याच दिवशी. चौकशी संपल्यावर नाना म्हणाले, "चल, गाडीत जागा हाय." रागावलेले नव्हते, नेहमीच्याच आवाजात. मी नको म्हटलं आणि पूल ओलांडून रस्त्याच्या कडेला गेवराईच्या जीपची वाट बघत थांबले. पलीकडं चहाच्या टपरीशी साहेब लोक बाकड्यावर बसलेले होते. नाना त्यांच्या समोर उभे राहून काहीतरी करून दाखवत होते. मला आधी कळेना. मग त्यांनी हवेतून एक तार उपसली, चिमटीत उंच धरली, मान ताठ केली आणि बारीक आवाज काढला. शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत, येण्याची गरज नव्हती. मोठे साहेब इतके हसले की त्यांना बशी खाली ठेवावी लागली.

मुक्ताराम चहाचं तबक धरून नानांच्या मागं उभा होता. तोही हसत होता. साहेब हसतायत ना हे बघून मग हसत होता. नानांनी चहा संपवला आणि मागं न बघताच रिकामा कप पाठीमागं केला. मुक्तारामनं तो घेतला.